माळ्यावरचा सूर

६ जानेवारी

डॉक्टरांनी बोलायला बंदी केली आहे. कुजबुजायलासुद्धा. कुजबुजणं म्हणे ओरडण्याहून वाईट. ते सांगतील तोवर मूग गिळून बसायचं, म्हणून ही वही. नवऱ्यानं आणून दिली आणि म्हणाला, "जे काही बोलायचं ते हिच्याशी बोल." लग्नानंतर त्याच्या चेहऱ्यावर इतकी शांतता मी पहिल्यांदाच पाहिली.

तर वहीबाई, हकिकत अशी. माझ्या गळ्यातल्या एका पडद्यावर मोहरीएवढी गाठ झाली होती, ती काढली. साधी होती, काळजीचं काही नाही. बोलणं नक्की सुधारेल, असं डॉक्टर तीनदा म्हणाले. गाण्याचं विचारलं तर म्हणाले, "बघू." मी काय बोलायला जन्मले आहे? बोलायला तर शेजारीणही जन्मली आहे.

आमची छोटी मंडळी आहे. चार-सहा तंतुवाद्यं, एक लाकडी बासरी, एक हार्पसिकॉर्ड (पियानोची पणजी, पट्टी दाबली की तार छेडली जाते) आणि आम्ही थोडे गाणारे. तीनशे वर्षांपूर्वीचं संगीत त्या काळच्या पद्धतीनं करतो. मे महिन्यात कार्यक्रम आहे आणि त्यातलं सगळ्यात लांब एकलगीत माझं आहे. त्याच्या शेवटी एक सूर आहे, उंच आणि लांबलचक. मी त्याला माळ्यावरचा सूर म्हणते, कारण शिडी लावल्याशिवाय हाताला लागत नाही. वीस-बावीस वर्षं मी ती शिडी डोळे मिटून चढले. आता शिडी जागेवर आहे की नाही, तेच माहीत नाही.

१४ जानेवारी

नणंदबाई येऊन गेल्या. वहीबाई, तुझी त्यांच्याशी ओळख करून देते. त्या नवऱ्याच्या थोरल्या बहीण, आम्ही ताई म्हणतो. मंडळी त्यांनी उभी केली, हार्पसिकॉर्ड त्याच वाजवतात आणि कोणी काय गायचं तेही त्याच ठरवतात. माझं त्यांच्याशी जमत नाही असं नाही. जमवून घेतलंय.

आल्या, बसल्या, पाणी प्यायल्या. तब्येतीची चौकशी नाही, काही नाही. एकदम म्हणाल्या, "मे महिन्यात गाणार आहेस ना?"

मी चिठ्ठीवर लिहिलं, "माहीत नाही." त्यांनी ती वाचली, घडी घातली आणि पर्समध्ये टाकली. "बरं. मग चिमणीलाही तयार करते. दोघी तयार असलेल्या बऱ्या."

चिमणी म्हणजे त्यांची नवी शिष्या. गळा गोड आहे, नाही म्हणणार नाही. कुठलाही आवाज ऐकून तो कोणता सूर ते अचूक सांगते, अगदी दाराची कुरकूर ऐकूनसुद्धा. मला 'काकू' म्हणते. कानामागून आली आणि तिखट झाली.

२ फेब्रुवारी

बोलायची परवानगी मिळाली! पहिला शब्द काय बोलावा यावर मी आठवडाभर विचार केला होता. प्रत्यक्षात डॉक्टरांनी विचारलं, "दुखतंय?" आणि मी म्हणाले, "छे." झाला पहिला शब्द. पण आवाज माझाच होता. दवाखान्याच्या जिन्यात नवरा डोळे पुसत होता आणि धूळ फार आहे म्हणत होता. फरशी चकचकीत होती.

२० फेब्रुवारी

घरच्या पियानोवर सूर धरून हळूहळू वर गेले. खालचं सगळं आहे. मधलंही आहे, थोडं गंजलेलं. माळ्याच्या अलीकडच्या पायरीपर्यंत गेले, आणि वर पाय टाकला तर पायरीच नाही. नुसती हवा आली. पुन्हा केलं. पुन्हा हवा.

ती पायरी दिसली की पोटात गोळा येतो आणि गळा आपोआप आवळतो. डॉक्टर म्हणतात, पडदे स्वच्छ आहेत, भीती काढून टाका. भीती काय गाठ आहे, चिमट्यानं काढायला?

नवऱ्याला सांगितलं. संध्याकाळी तो गॅलरीत उभा राहून बराच वेळ फोनवर बोलत होता. ऑफिसचं काम, म्हणाला.

२४ फेब्रुवारी

आज रविवार. नवरा हत्यारांची पेटी आणि मेणाचा तुकडा घेऊन ताईंकडे गेला. म्हणे खिडकी नीट सरकत नाही. अख्खा दिवस एक खिडकी! सुतारकाम त्यानं वडिलांकडून उचललंय. सासऱ्यांचे हात सोन्याचे होते. ताईंचं हार्पसिकॉर्ड त्यांनीच घरी बनवलेलं. पूर्वी गावोगावी सूर निराळा लावत असत, त्यामुळे त्याचा कीबोर्ड डावी-उजवीकडे सरकेल असा त्यांनी बसवला होता म्हणतात. पण मी या घरात आले तेव्हापासून तो जाम आहे.

घरी आल्यावर नवऱ्यानं दुसरा पराक्रम केला. पियानोचं झाकण लावलं आणि किल्ली खिशात टाकली. "आतलं काहीतरी सैल झालंय, हात लावू नकोस." त्या पियानोवर वर्तमानपत्र ठेवण्यापलीकडे ज्यानं कधी काही केलं नाही, त्याला आतलं सैल झालेलं कळलं!

५ मार्च

वहीबाई, वहीबाई, वहीबाई!

ताईंकडे पहिला सराव झाला. त्यांनी आधी अटी घातल्या. मोबाइलवर सूर तपासायचा नाही ("आकडे बघून गाणारी माणसं कुबड्या घेऊन नाचतात"). घरी एकटीनं वर चढून बघायचं नाही. गायचं ते फक्त इथे, त्यांच्यासमोर. मी मान डोलावली. कोपऱ्यातल्या छोट्या ऑर्गनवर त्यांनी पुस्तकांचा एवढा ढीग रचलाय की आत वाद्य आहे हेही कळू नये. सूर तपासायचा काटा नेहमी खिडकीत असतो, तोही दिसला नाही. वय झालं की पसारा वाढतो.

हार्पसिकॉर्डपाशी मात्र एक सोय नवीन दिसली. कीबोर्डच्या उजव्या अंगाला दोन लाकडी ठोकळे आहेत, पेन्सिल ठेवायला छान जागा.

मग गायले. खालून सुरुवात, मग मधलं, मग शेवटचं वळण. माळा समोर आला आणि ताई वाजवता वाजवता रागावून म्हणाल्या, "खांदे पाड!" मी दचकून खांदे पाडले, आणि सूर लागला. लागला! थोडा बारीक, थोडा थरथरता, पण जागेवर. मी तिथेच खुर्चीत बसून रडले. जीव भांड्यात पडला म्हणजे काय, ते आज कळलं.

ताई म्हणाल्या, "एवढं काय त्यात? पुन्हा." माणसानं इतकं कोरडं असावं का?

१९ मार्च

सूर रोज येतो. आता दचकवावंही लागत नाही. पण आज एक काटा रुतला.

चिमणी तिच्या वेळेच्या आधी आली. ताई आम्हा दोघींना कधी एकत्र येऊ देत नाहीत. तिची वेळ वेगळी, माझी वेगळी. मला कारण कळतं, तुलना नको. तर मी शेवटचा सूर धरला होता आणि दारात ही उभी. कपाळाला आठ्या, मान वाकडी, दुधात माशी पडल्यासारखा चेहरा. म्हणाली, "बाई, पण हे तर..."

"आधी कोपऱ्यावरून बिस्किटं घेऊन ये," ताई तिच्यावर ओरडल्याच.

"बाई, पण काकूंचा हा..."

"बिस्किटं!"

गेली बिचारी. मला सगळं समजलं. सूर येतो, पण ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठ्या पाडणारा येतो. ताई मला सांगत नाहीत, इतकंच. घरी येऊन नवऱ्याला विचारलं, "माझा आवाज खरंच बरा वाटतो का रे?" तो म्हणाला, "मला विचारू नकोस, मला खोटं बोलता येत नाही." आता याचा काय अर्थ घ्यायचा?

९ एप्रिल

ताईंचा चहा आज अगदीच पुचकवणी होता. तसं तोंडावर सांगितलंही. एरवी त्यांनी मला उभं सोललं असतं, पण आज नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. लक्षच नव्हतं त्यांचं. पहिल्या दोन ओळींत चुकल्याही. ताई आणि चुकल्या! वय झालं. कपाळावर घाम होता, मी पंखा लावला.

पेन्सिल घरंगळून पडली आणि टोक मोडलं. ठोकळा एकच उरलाय उजवीकडे, जागा पुरत नाही.

सूर नेहमीसारखा लागला. बाकी विशेष काही नाही.

२७ एप्रिल

संपलं.

परवा ताईंचं हार्पसिकॉर्ड एका शाळेच्या कार्यक्रमासाठी नेलं होतं. काल परत आलं. नवऱ्यानं आणि टेम्पोवाल्यानं वर चढवलं, नवऱ्यानंच पाय जोडले, कीबोर्ड बसवला. ताई बाहेरगावाहून थेट स्टेशनवरून आल्या, पर्सही न ठेवता बाकावर बसल्या आणि म्हणाल्या, "चल, वेळ नाही." वेळ नाहीच. मंडळी नोकरीधंदा सांभाळून गाणारी-वाजवणारी, त्यामुळे एकत्र तालीम शेवटच्या आठवड्यात होते, आणि ती परवापासून आहे.

सुरुवातीपासूनच गळा ओढल्यासारखा होत होता. वाटलं, झोप झाली नाही म्हणून असेल. पेन्सिल ठेवायला गेले तर आज जागाच नाही, ती कानावर खोचली. शेवटच्या वळणाला माळा समोर आला आणि नेहमीपेक्षा उंच वाटला. चढले. सूर लागला, पण कसा! फाटका, चिरका, धार लावताना सुरी ओरडते तसा. क्षणभर धरला आणि सोडून दिला.

ताईही थांबल्या. त्यांचा चेहरा उतरलेला मी पहिल्यांदा पाहिला. एवढंच म्हणाल्या, "आज पुरे."

पुरेच. मी तिथेच सांगून टाकलं, चिमणीला द्या. मी कोरसमध्ये मागे उभी राहीन, नाहीतर खुर्च्या मांडीन. लोकांसमोर माझा गळा फाटलेला मला नको. ताई नाही म्हणाल्या नाहीत. मी पायऱ्या उतरून खाली येईपर्यंत वाट पाहिली, पण नाही म्हणाल्या नाहीत.

मला वाईट वाटतंय, वहीबाई. फार वाईट वाटतंय. आवाज गेला असता तर निदान रडून मोकळी झाले असते. हा परत आला, दीड-दोन महिने घरात राहिला आणि पुन्हा गेला.

२८ एप्रिल

अक्षराकडे बघू नकोस, घाईत लिहितेय.

सकाळी दारात बहीण-भाऊ दोघं उभे. ताईंचे केस विंचरलेले नाहीत, नवरा त्यांच्या मागे लपलेला. भल्या सकाळी तो त्यांच्याकडे कधी गेला, मला पत्ता नाही.

"रडून झालं असेल तर ऐक," ताई म्हणाल्या. "नसेल तर रडत ऐक. काल तू गायलीस तो आपला सूर नव्हताच."

"मग कुणाचा होता?"

"त्याच्या वरच्या पायरीचा. या गाढवानं कीबोर्ड उलट्या बाजूला बसवला."

गाढव छताकडे बघत होतं.

मला काही कळेना. तेव्हा ताईंनी शाळेतल्या पोराला सांगावं तसं सांगितलं. कीबोर्ड सरकतो. जाम नाही. फेब्रुवारीत नवऱ्यानं दिवसभर घासून, मेण लावून तो मोकळा केला. (म्हणजे ती खिडकी!) त्याला तीन जागा आहेत. दोन्ही ठोकळे उजवीकडे घातले की कीबोर्ड डावीकडे सरकतो, प्रत्येक पट्टी शेजारची खालची तार छेडते आणि सगळे सूर अर्धी पायरी खाली वाजतात. एकेक ठोकळा दोन्हीकडे घातला की आपल्या मंडळीचा नेहमीचा सूर. दोन्ही डावीकडे घातले की अर्धी पायरी वर. परवा नवऱ्यानं दोन्ही डावीकडे घातले. ताईंना घाईत पत्ता लागला नाही, आणि मी गेल्यावर तपासायला बसल्या तर काटा हाताशी नव्हता, कारण माझ्यापासून लपवायला तो त्यांनी भावाकडे दिला होता आणि तो भावाच्या गाडीतच राहिला होता.

मी पहिल्यांदा विचारलं ते हे, "म्हणजे मार्चमध्ये मला लागला तो सूर..."

"खालचा होता," ताई म्हणाल्या. "अर्धी पायरी खालचा."

"म्हणजे खोटा."

"खोटा."

वहीबाई, माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी महिनाभर आनंदात उड्या मारल्या त्या खोट्यावर! "तुम्ही दोघांनी मिळून मला वेड्यात काढलंत," मी म्हणाले. नवरा म्हणाला, "मला खोटं बोलता येत नाही म्हणून मी गप्प..." मी त्याच्याकडे नुसतं पाहिलं, तर तो चहा टाकायला आत गेला.

ताई हलल्या नाहीत. "काढलं वेड्यात. आता पुढचं ऐक. एप्रिलमध्ये मी कीबोर्ड मध्ये आणून ठेवला. तुला न सांगता. तेव्हापासून तू खराच सूर गातेयस. रोज. तुला कळलंसुद्धा नाही."

"केव्हा?"

"तारीख कुणाच्या लक्षात राहते? तू माझ्या चहाला नावं ठेवलीस त्या दिवशी."

मी म्हणाले, "मला आधी सांगायचं होतंत, ताई."

त्यांनी पर्स उघडली, कागदाची एक घडी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. जानेवारीतली माझीच चिठ्ठी. माहीत नाही. "हे वाचलं तेव्हाच मला कळलं, तू घाबरलीयस. गळा डॉक्टरांनी बरा केलाच होता गं. पण सांगितलं असतं, तर चढली असतीस?"

नसते चढले. तोंडानं म्हणाले नाही, पण त्यांना कळलं.

"काल मीच घाबरले," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, माझाच डाव माझ्यावर उलटला. तू गायचं सोडलंस ते माझ्यामुळे. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. पहाटे याला काटा घेऊन बोलावलं, तेव्हा कळलं." आणि मग एकदम आवाज चढवून, "अगं, काल तू माळ्यावर नाही, कौलांवर चढली होतीस! चपला घालून! आणि वर रडतेस?"

अती झालं आणि हसू आलं. आधी मला, मग ताईंना, मग आतून नवऱ्याला. हसता हसता मी त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी ते ढकललं नाही.

लगेच त्यांच्या घरी गेलो. ठोकळे मी माझ्या हातानं घातले, एक इकडे, एक तिकडे. काट्याशी सूर ताडून पाहिला. मग गायले. माळा जिथे होता तिथेच होता, आणि कालच्या कौलांनंतर किती बुटका वाटला म्हणून सांगू!

४ मे

कार्यक्रम झाला. आत्ताच घरी आले. पाय दुखतायत, पोट रिकामं आहे, मन भरलंय.

मागच्या खोलीत चिमणी पाणी घेऊन आली. तिला विचारलंच, "त्या दिवशी माझं गाणं ऐकून कपाळाला आठ्या का घातल्या होत्यास गं?"

"काकू, मला वाटलं माझे कान बिघडले! सगळंच खाली ऐकू येत होतं. मी कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले."

"मग?"

"ते म्हणाले, मळ आहे थोडा."

मी तिला जवळ घेतलं. पोर चांगली आहे. काकू म्हणते तर म्हणू दे. तिनं आज दुसरं गीत गायलं आणि माझ्या अंगावर काटा आला, तेही खरं आहे, लिहून ठेवते.

माझी वेळ आली. सभागृहात कोणी तरी खोकत होतं. मी उभी राहिले, तंतुवाद्यं सुरू झाली. शेवटच्या वळणाला पोटात गोळा येतो का याची मी वाट पाहिली. आला. जुना पाहुणा, येणारच. मी ताईंकडे बघितलं. त्या वाजवत होत्या आणि मान वर न करता दोन्ही खांदे हळूच खाली पाडून दाखवत होत्या. मीही पाडले.

सूर आला आणि राहिला. शेवटी मीच त्याला सोडला.

टाळ्या किती वेळ वाजल्या ते नवऱ्याला विचार, तो पुन्हा धूळ फार आहे म्हणत होता.

५ मे

पियानोची किल्ली परत मिळाली. आतलं काहीही सैल नव्हतं.

दुपारी निवांत वही चाळत बसले. जानेवारीपासूनचं सगळं रडगाणं वाचलं. ५ मार्चला मी तीनदा वहीबाई म्हटलंय, पानभर आनंद केलाय, आणि तो सूर अर्धी पायरी खाली होता. मग ९ एप्रिलचं पान काढलं. ज्या दिवशी माझा आवाज खरोखर परत आला तो दिवस. सूर नेहमीसारखा लागला, असं लिहिलंय. बाकी विशेष काही नाही. आणि ताई का चुकत होत्या, त्यांना घाम का फुटला होता, हे तिथे बसून, त्यांच्या हातचा चहा पीत पीत मला दिसलं नाही. मी उठून पंखा लावला!

त्या पानाच्या तळाशी थोडी जागा शिल्लक होती. तिथे आजची तारीख घालून लिहिलं: चहा चांगला होता.